पळसासारखी तीन पानं, तांब्यासारखी साल : एसर ग्रिसियमचं नाव आणि त्याच्या बियांची देवाणघेवाण

मेपल म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते कॅनडाच्या झेंड्यावरचं कंगोरेदार पान. या प्रकरणातल्या मेपलला तसं पान नाही. त्याच्या एका देठावर पळसासारख्या तीन पर्णिका असतात. साल तांबूस, दालचिनीच्या रंगाची आणि पातळ कागदासारखे पापुद्रे सोडणारी. इंग्रजी बोलणारे माळी त्याला पेपरबार्क मेपल म्हणतात. चिनी नाव आहे श्वेफी छी, म्हणजे रक्तासारख्या सालीचा मेपल. शास्त्रीय नाव एसर ग्रिसियम. ग्रिसियमचा अर्थ करडा. एवढ्या तांबड्या झाडाला करडं कोणी म्हणावं? पण हे करडेपण सालीचं नाही, पानाच्या खालच्या बाजूचं आहे. नाव देणाऱ्यासमोर बहुतेक वेळा वाळलेली फांदी असते, उभं झाड नसतं.

हे झाड मध्य चीनच्या डोंगरांत साधारण १५०० ते २००० मीटर उंचीवर वाढतं. हूपे, सछ्वान, शान्शी, हनान, हूनान या प्रांतांत ते आहे, पण कुठेच सलग रान नाही. एका दरीत चार झाडं, पुढच्या दरीत दोन. जागतिक लाल यादीत ते 'धोक्यात' या वर्गात मोडतं. युरोप-अमेरिकेतल्या बागांत मात्र ते इतकं लावलं गेलं आहे की तिथल्या माणसाला ते दुर्मीळ वाटतच नाही. रानात मोजकं आणि बागेत मुबलक, अशी ही स्थिती आहे. बागेतली झाडं जपली की जाती जपली गेली, असं यावरून वाटू शकतं. ते का पुरेसं नाही, आणि जे जपलं आहे ते दुसऱ्याला देताना नेमकं काय द्यावं लागतं, हा या अभ्यासाचा विषय.

आधी शब्दांबद्दल एक खुलासा. मराठी विश्वकोशात जीनससाठी 'प्रजाती' आणि स्पीशीजसाठी 'जाती' हे शब्द वापरतात. वर्तमानपत्रांत स्पीशीजलाच 'प्रजाती' म्हणतात. इथे विश्वकोशाचा शिरस्ता पाळला आहे : एसर ही प्रजाती, ग्रिसियम ही तिच्यातली जाती. ज्या लेखात हे सांगितलेलं नसतं, तिथे 'मेपलच्या दीडशे प्रजाती' हे वाक्य बरोबर की चूक, तेही ठरवता येत नाही.

नावाचा प्रवास

१८९४ मध्ये पॅरिसमध्ये बसून आद्रियाँ फ्रांशे या वनस्पतिशास्त्रज्ञाने चीनहून आलेल्या नमुन्यांवरून या झाडाचं वर्णन केलं. त्याला ही वेगळी जाती वाटली नाही. जपानच्या निक्को भागातल्या तीनपानी मेपलचा हा एक वाण आहे, असं समजून त्याने 'एसर निकोएन्स, वाण ग्रिसियम' असं नाव दिलं. १९०२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड पॅक्सने त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. म्हणून आज पूर्ण नाव 'एसर ग्रिसियम (फ्रांशे) पॅक्स' असं लिहितात. कंसातलं नाव ग्रिसियम हा शब्द पहिल्यांदा देणाऱ्याचं, कंसाबाहेरचं नाव तो शब्द आजच्या जागी आणून बसवणाऱ्याचं. ही नुसती मानाची पद्धत नाही. कंस दिसला की जुनं नाव दुसरं होतं हे कळतं, आणि जुन्या नोंदी त्या नावाखाली शोधायच्या हेही कळतं.

पुढे ज्या निक्को मेपलचा हा वाण मानला होता, त्याचंच नाव बदललं. आता त्याला एसर मॅक्सिमोविचियानम म्हणतात. त्यामुळे एखाद्या जुन्या कपाटातल्या चिठ्ठीवर पहिलं नाव लिहिलेलं असेल, तर त्यातला जातीचा शब्दही आज चालू नाही आणि 'वाण' हा दर्जाही नाही. नोंदवहीत पर्यायी नावं एकमेकांना जोडलेली नसतील, तर 'ग्रिसियम, जाती' असा शोध घेणाऱ्याला ती चिठ्ठी सापडत नाही.

कुळही बदललं. मेपलचं स्वतंत्र कुळ पूर्वी एसरेसी होतं. आता मेपल सॅपिंडेसी कुळात, म्हणजे आपल्या रिठ्याच्या, कुसुमच्या आणि लिचीच्या कुळात धरतात. कुळाच्या क्रमाने लावलेल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, याचा अर्थ कपाटं हलवणं असा होतो. हलवताना जे गठ्ठे चुकीच्या खणात जातात ते पुढची कित्येक वर्षं 'हरवलेले' असतात.

नावातली चूक बी मारू शकते. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण याच प्रजातीत आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये एसर सॅकॅरिनम हे नाव दिलं. शब्दाचा अर्थ साखरेचा, पण झाड रुपेरी मेपलचं. ज्याच्या रसाचा पाक करतात तो साखर मेपल म्हणजे एसर सॅकॅरम. हे नाव अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मार्शलने १७८५ मध्ये दिलं. दोन नावांत रोमन लिपीतल्या दोनच अक्षरांचा फरक. रुपेरी मेपलचं बी वसंतात पिकतं, लगेच पेरायचं असतं, आणि त्यातलं पाणी सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेलं की ते मरतं. साखर मेपलचं बी शरदात पिकतं आणि उगवण्याआधी त्याला दोन-तीन महिने ओलसर थंडी लागते. पहिल्याच्या बियांना दुसऱ्याची चिठ्ठी लागली आणि त्या वाळवून फ्रिजमध्ये ठेवल्या, की पुडी गेली. नोंदीत मात्र ती वर्षानुवर्षं 'साठ्यात आहे' असंच दिसत राहील.

बीजपेढीत साधारण १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वाळवून उणे २० अंशांवर गोठवण्याची पद्धत आहे. ती सगळ्या मेपलना सरसकट लावता येत नाही. नॉर्वे मेपलचं बी वाळवणं सोसतं. त्याचा जवळचा नातलग सिकॅमोर मेपल सोसत नाही. म्हणून पूर्ण साठा गोठवण्याआधी थोड्या बिया वाळवून, पेरून बघायच्या. एसर हे नाव एकच असलं तरी वाळवण्याची रीत एकच नसते.

बागा भरल्या, पण भाऊकी एकच

अर्नेस्ट हेन्री विल्सन १९०१ मध्ये इंग्लंडच्या व्हीच रोपवाटिकेसाठी चीनमध्ये झाडं गोळा करत होता. ग्रिसियमचं बी त्याने तेव्हा पाठवलं. पुढे अमेरिकेतल्या बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानासाठी काम करताना १९०७ मध्ये त्याने हूपेतून रोपंही पाठवली. पश्चिमेकडच्या बागांतली जुनी झाडं बव्हंशी या दोन खेपांची आणि त्यांच्या लेकरांची. झाडं पुष्कळ, पण सगळी एका भाऊकीतली. डोंगरापलीकडच्या शान्शीतल्या किंवा हनानमधल्या झाडांचे गुण, म्हणजे थंडी सोसणं, कोरडं सोसणं, रोगाला तोंड देणं, हे या भाऊकीत असतीलच असं नाही.

१९९१ मध्ये अमेरिकी आणि चिनी वनस्पती उद्यानांनी मिळून एक गट स्थापन केला. त्यातल्या मॉरिस, आर्नल्ड, मॉर्टन आणि बेजिंगच्या उद्यानांतले लोक २०१५ च्या सप्टेंबरात खास या झाडासाठी चीनच्या डोंगरांत गेले. रानातल्या झाडांची पानं डीएनए तपासणीसाठी घेऊन बागेतल्या झाडांशी ताडून बघायची, हा त्यामागचा एक हेतू होता. रानातल्या विविधतेचा किती हिस्सा कुंपणाच्या आत आहे, हे झाडं मोजून कळत नाही. डीएनए ताडल्यावरच कळतं.

पान घ्यायची रीत साधी आहे, पण घाईत बिघडते. कोवळं, निरोगी पान घ्यायचं, देठ आणि जाड शीर काढायची. तळहाताएवढं पान पुरे. ते चहाच्या पुडीसारख्या सच्छिद्र कागदात घालून वजनाच्या निदान दहापट सिलिका जेलमध्ये ठेवायचं. चोवीस तासांत पान हाताने कुस्करण्याइतकं कडक व्हायला हवं. झालं नाही तर जेल बदलायचं. ओलं राहिलेलं पान काळं पडतं आणि डीएनए तुटतो. प्रत्येक झाडाची पुडी वेगळी, पुडीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. शाई सिलिकात टिकली तरी पावसात टिकत नाही. त्याच झाडाची एक फांदी, शक्यतो फळासकट, दाबून वाळवायची. पुढे कोणी 'हे ग्रिसियम नाहीच' म्हणालं तर तपासायला काहीतरी हातात हवं.

पोकळ बी

ग्रिसियम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं की पहिली अडचण कायद्याची येत नाही, फळाची येते. पंखवाली फळं भरपूर लागतात, मोठी असतात, टणक असतात आणि बहुतेक पोकळ असतात. परागण झालं नाही तरी हे झाड फळ धरतं. बाहेरून फळ पूर्ण दिसतं, आत गर्भ नसतो. एकट्या झाडाखाली वेचलेल्या फळांत भरीव बी १०० मागे जेमतेम ५ निघणं हे नेहमीचं.

म्हणून आधी कापून बघायचं. ढिगातून कशीही २० फळं उचला, बागेच्या कात्रीने आडवी कापा. आत पांढरट-हिरवा, घट्ट, घडी घातलेला गर्भ दिसला तर भरीव. तपकिरी सुकं पापुद्र्याचं कवच किंवा नुसती पोकळी दिसली तर फोल. वीसमध्ये एक भरीव निघालं असं समजा. मग २०० फळांच्या पुडीत भरीव बी १० च्या आसपास, आणि त्यातली निम्मी उगवली तरी रोपं ५. घेणाऱ्याला हे आकडे पुडीवरच लिहून द्यावेत. नुसतं '२०० बिया' लिहिलं की समोरची बाग दोन वर्षं रिकाम्या ट्रेला पाणी घालते आणि मग दोष पाठवणाऱ्याला देते.

भरीव बीही लगेच उगवत नाही. फळाचं कवच लाकडासारखं आहे आणि गर्भाला थंडीही हवी. फळ तसंच पेरलं तर एक उन्हाळा कवच कुजण्यात जातो, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वसंतात कोंब येतो. ट्रे पहिल्याच वर्षी फेकून देणं ही सर्रास होणारी चूक. घाई असेल तर कवच पक्कडीने कडेने फोडून बी मोकळं करतात आणि ओलसर वाळू किंवा कोकोपीटमध्ये ४-५ अंशांवर तीन महिने ठेवतात. या काळात दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बुरशी बघायची. गर्भाला पक्कड लागली असेल तर आधी तोच बुरशीने जातो.

फांदीची कलमं सहज मुळं धरत नाहीत. कोवळ्या रोपाची काडी धरते, म्हाताऱ्या झाडाची क्वचित. मुळं आलेली काडी त्याच हंगामात हलवली तर पुढच्या वसंतात डोळा फुटत नाही. ती त्याच कुंडीत हिवाळा काढू द्यावी लागते. उरतं ते खुंटावरचं कलम. खुंट ग्रिसियमच्याच रोपाचा घेतलेला बरा, नाहीतर त्याच तीनपानी गटातला, म्हणजे निक्को मेपल किंवा एसर ट्रायफ्लोरम. कलमात नोंदीचा एक सापळा आहे. वरची कलमकाडी मरते, खालचा खुंट जोमाने वाढतो आणि चिठ्ठी जिथल्या तिथे लटकत राहते. पाच वर्षांनी त्याच झाडाच्या बिया 'रानातल्या मातृवृक्षाच्या' म्हणून वाटल्या जातात. हे टाळायला कलमाच्या जोडावर रंगाची खूण करायची आणि दर वसंतात पहिली पालवी जोडाच्या वर फुटली की खाली, ते बघून लिहायचं.

बागेत वेचलेल्या बियांना आणखी एक धोका आहे. शेजारी निक्को मेपल असेल तर संकर होतो. संकराची पर्णिका मोठी, कडेचे दात बोथट किंवा जवळजवळ नाहीतच; शुद्ध ग्रिसियमची पर्णिका लहान आणि मोजकेच पण मोठे दात असलेली. लहान रोपावर हा फरक चटकन दिसत नाही आणि साल पापुद्रे सोडायला काही वर्षं लागतात. म्हणून अशा बियांच्या पुडीवर 'ग्रिसियम' एवढंच लिहू नये. 'मातृवृक्ष ग्रिसियम, खुलं परागण, निक्को मेपल अमुक मीटरवर' असं लिहावं.

पुडीसोबत काय जातं

चांगल्या बागेत प्रत्येक खेपेला एक दाखल क्रमांक मिळतो : साल, त्या सालातला अनुक्रमांक, आणि झाडं एकाहून जास्त असतील तर शेवटी अ, ब, क. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही, झाड मेलं तरी. नाव हा त्या क्षणीचा अंदाज आहे. तो बदलू शकतो. क्रमांकामागे गोळा केल्याची तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, उतार कुठल्या बाजूचा, आजूबाजूची झाडं, किती मातृवृक्षांपासून घेतलं, कोणाच्या परवानगीने आणि कुठल्या अटींवर, हे सगळं असतं. वीस मातृवृक्षांच्या बिया एका पोत्यात मिसळल्या तर बिया तेवढ्याच राहतात, पण वीस ओळींची माहिती एका ओळीत गडप होते. वेगळ्या पुड्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या.

युरोपातल्या अनेक उद्यानांनी यासाठी आयपेन ही एक सामाईक पद्धत ठेवली आहे. तिच्या क्रमांकाचे चार भाग असतात : मूळ देशाची दोन अक्षरं, अटी असतील तर १ आणि नसतील तर ०, पहिल्या उद्यानाची खूण आणि त्या उद्यानाचा दाखल क्रमांक. मूळ देश माहीत नसेल तर देशाच्या जागी दोनदा एक्स लिहितात. रोप तिसऱ्या, चौथ्या बागेत गेलं तरी हा क्रमांक तसाच पुढे जातो.

इतका आटापिटा का, ते कायद्याकडे वळलं की कळतं. जैवविविधता करार २९ डिसेंबर १९९३ ला लागू झाला. तेव्हापासून रानातलं जननद्रव्य, म्हणजे बिया, काड्या असं ज्यातून गुण पुढे जातात ते सगळं, हे त्या देशाच्या अधिकारातलं मानलं जातं. विल्सनने १९०१ मध्ये पाठवलेल्या बियांच्या वंशजांना तो करार लागत नाही. करारानंतर चीनमधून आणलेल्या झाडाच्या बियांना मात्र आणतानाच्या अटी चिकटलेल्या असतात. एकाच बागेत, एकाच ओळीत, एकाच जातीची दोन झाडं, आणि एकाचं बी मोकळेपणाने देता येतं, दुसऱ्याचं नाही. पान बघून, साल बघून, डीएनए बघूनही हा फरक कळणार नाही. तो फक्त क्रमांकात असतो.

जननद्रव्य कसं मिळवायचं आणि त्याचा लाभ कसा वाटायचा हे ठरवणारा याच कराराचा पूरक करार, नागोया प्रोटोकॉल, १२ ऑक्टोबर २०१४ ला अमलात आला, चीन त्यात सप्टेंबर २०१६ पासून आहे. अमेरिका मूळ करारातही सदस्य नाही, पण म्हणून अमेरिकी बागेला चीनमध्ये सूट मिळत नाही. देणाऱ्या देशाचे नियम देणाऱ्याच्या जमिनीवर चालतातच. भात, गहू अशा पिकांच्या जनुकपेढ्यांना २००१ च्या वेगळ्या आंतरराष्ट्रीय तहामुळे एक तयार छापील करारनामा वापरता येतो. तो तह अन्न आणि चाऱ्याच्या पिकांपुरता आहे, त्यात मेपल नाही. म्हणून मेपलसाठी प्रत्येक वेळी देणारा आणि घेणारा यांच्यात स्वतंत्र हस्तांतर करार होतो. त्यातली नेहमीची कलमं चार : मूळ क्रमांक पुसायचा नाही, तिसऱ्याला द्यायचं तर याच अटींवर, विक्रीसाठी वाण काढायचा तर आधी परवानगी आणि लाभातला वाटा, संशोधन छापलं तर मूळ स्रोताचा उल्लेख. पहिल्या कलमावर फारसं कोणी भांडत नाही, आणि मोडलं जातं तेही बहुधा तेच.

मग किडी. आशियाई लांबशिंगी भुंग्याला मेपलचं लाकूड फार आवडतं. त्याच्याच जातकुळीतल्या लिंबाच्या लांबशिंगी भुंग्याच्या भीतीने युरोपीय संघाने २०१० ते २०१२ या काळात चीनमधून मेपलची जिवंत रोपं आणण्यावर बंदीच घातली होती. रोपापेक्षा बी पाठवणं सोपं पडतं ते यामुळे. पंख चोळून काढायचे, माती-पाला निवडून टाकायचा, छिद्र पडलेली फळं वेगळी करायची, आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं. अमेरिकेत थोड्या बियांसाठी वेगळा परवाना आहे : एका पुडीत एकाच जातीच्या जास्तीत जास्त ५० बिया आणि एका खेपेत जास्तीत जास्त ५० पुड्या. पुडीवर पूर्ण शास्त्रीय नाव लागतं. तिथे 'मेपल' एवढंच लिहिलेलं चालत नाही.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी बागप्रेमींचा या कायद्याशी दोन बाजूंनी संबंध येतो. गावी येताना पिशवीतून बिया आणणं बेकायदा आहे. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो, आणि जी जाती आदेशाच्या याद्यांत नाही तिच्यासाठी आधी कीड-धोक्याचं विश्लेषण होतं. तसंही या झाडाला खरा हिवाळा लागतो, पुण्या-नाशिकच्या अंगणात ते रमणार नाही. उलट बाजूने, उत्तराखंड किंवा काश्मीरमधल्या रानातून आपल्याकडच्या मेपलचं, एसर सीझियम किंवा एसर ऑब्लाँगमचं बी संशोधनासाठी बाहेर न्यायचं तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. हे कलम परदेशी नागरिकांइतकंच अनिवासी भारतीयांनाही लागू आहे. भारतीय पासपोर्ट खिशात असला की झालं, असा समज असतो. तो चुकीचा आहे.

वाटलेली रोपं वाढली, आणि सहाव्या-सातव्या वर्षी एका बागेत लक्षात आलं की साल नीट सुटत नाही, पर्णिका मोठ्या आहेत, म्हणजे हा संकर आहे, तर काय करायचं? त्या दाखल क्रमांकाची रोपं ज्यांना-ज्यांना गेली त्या सगळ्यांना क्रमांक देऊन कळवायचं. प्रत्येकाने आपली नोंद उघडून जुन्या नावावर काट न मारता खाली नवी ओळ लिहायची : नवं नाव, ठरवणाऱ्याचं नाव, तारीख, कशावरून ठरवलं. हर्बेरियममध्ये हेच एका छोट्या कागदी पट्टीवर लिहून जुन्या पट्टीच्या शेजारी डकवतात. ती जुनी पट्टी काढायची नसते, कारण पुढच्या खेपेला कदाचित तीच बरोबर ठरेल.